दादांचा माउथ ऑर्गन आणि सुमनचं विरजण

माझ्या भाचीच्या लग्नात तिच्या वडिलांनी माउथ ऑर्गन वाजवला आणि त्या सुरांना आंबट वास येत होता. वासाला जबाबदार मी होतो. सुरांचं श्रेय मात्र मला आजतागायत कुणी दिलेलं नाही.

भाची म्हणजे मंगल. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, थोरल्या भावाची मुलगी. या थोरल्या भावाला आम्ही सगळेच दादा म्हणायचो. दादा वैजापूरला तहसील कचेरीत नकलनवीस होते. दिवसभर जुन्या फायलींच्या नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी ओट्यावर बसून माउथ ऑर्गन वाजवायचा, हा त्यांचा क्रम. त्यांची स्वतःची अशी एकच धून होती. मंगल पाळण्यात असताना तिला झोपवायला म्हणून त्यांनी ती बांधली होती. (मंगल झोपेपर्यंत अर्धी गल्ली झोपलेली असायची!) पुढं दादांना छातीचं मोठं दुखणं झालं. त्यातून ते उठले, पण दम गेला. वाजवलेलं पाटावरून ताटापर्यंत पोचेना.

आणि मंगलनं तर लग्न ठरल्या दिवशीच वडिलांकडून शब्द घेतला, "बाबा, पाठवणीला तुम्ही रडायचं नाही. माझी धून वाजवायची. नाहीतर मी गाडीत बसणारच नाही, सांगून ठेवते!"

शब्द देऊन दादा दुसऱ्याच दिवशी एसटीनं औरंगाबादला आमच्याकडं आले आणि खाली मान घालून बसले.

"पाव्हणं, व्हय तर म्हणालो. पण मांडवात कुणाला ऐकू जायचं? पोरीला तरी जाईल का?"

"लाऊडस्पीकरवाला असतोच की मांडवात," मी म्हणालो.

"त्याचा भोंगा? शेजारच्या मुंजीत ऐकलंय. पत्र्यावर चमचा घासल्यावाणी वाजतं. त्याच्यापेक्षा न वाजवलेलं बरं."

आता इथं गप्प बसलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. पण मी पाटबंधारे खात्यात कारकून असलो तरी पत्राद्वारे रेडिओ दुरुस्ती शिकलेला माणूस. (प्रमाणपत्र पोस्टातून आलं तेव्हा पावसात भिजून त्यावरचं माझं नाव पुसलं गेलं होतं. सुमनच्या मते तो ईश्वरी संकेत होता.) मी छाती पुढं काढून म्हणालो, "दादा, तुमच्यासाठी मी खास अँप्लिफायर बनवतो. व्हॉल्व्हचा! मऊ, उबदार आवाज. मी असताना काळजी कशाला?"

"तुम्ही असता म्हणूनच," स्वयंपाकघरातून सुमन म्हणाली.

गुरुवारी छावणीच्या बाजारात मी जुन्या सामानाचे ढीग उपसू लागलो. हमीदचाचांच्या गोणपाटावर, एका फुटक्या हुक्क्याच्या शेजारी, मला तो दिसला. फिरत्या तंबूतल्या सिनेमाचा जुना अँप्लिफायर. काळा पत्रा, वर काचेचे पाच व्हॉल्व्ह, आत उंदराचं नांदतं घर.

"चाचा, ये चलता क्या?"

"चलता था मियाँ. निजामसाब के जमाने में. अब तुम कायकू ले जारै इसकू?"

"मेरे साले के लिए. वो बाजा बजाते."

चाचांनी माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं. "साले से दुश्मनी है क्या?"

दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत माझं सगळं आयुष्य त्या डब्याभोवती गेलं. कंडेन्सर बदलले, तारा बदलल्या, तारांच्या जोडांना डाख देताना बोटं भाजून घेतली, एकदा असा शॉक बसला की मला माझ्या मुंजीतला भिक्षावळीचा लाडू आठवला. जुन्या बाजेच्या सागवानी फळ्यांची पेटी केली. पेटीत खाली स्पीकर, वर अँप्लिफायर आणि त्यावर भोकाभोकांचं झाकण. माउथ ऑर्गनचा आवाज चिरका होऊ नये म्हणून आतली जोडणीही बदलली. आणि एका रविवारी दुपारी बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग एकेका काचेच्या पोटात केशरी वात पेटल्यासारखी दिसू लागली. पेटीतून एक हळू घुमणारा आवाज निघाला. बाहेर थंडीतलं पिवळं ऊन पडलं होतं. मी हनुवटी टेकून त्या पाच वातींकडं पाहत बसलो. मला मांडव दिसला, फुलांची गाडी दिसली, दादांची धून दिसली. (हो, दिसली! तंद्रीत मला सूर दिसतात.) त्या धुनीवर तरंगत मंगल सासरी निघाली होती आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडं बोट दाखवून म्हणत होतं, "हेच ते!"

"अहो, चहा निवला," सुमन म्हणाली. "तिसऱ्यांदा."

पुढच्या रविवारी दादा आले. माईक तळहातात धरला, त्यावर माउथ ऑर्गन टेकवला आणि डोळे मिटून धून सुरू केली.

आवाज स्वच्छ आला. फारच स्वच्छ आला! धून ऐकू आली, पण तिच्या दुप्पट ऐकू आली दादांची धाप. श्वास आत जाताना फुस्स, बाहेर येताना घर्र, मधे गिळलेला आवंढा. सगळं जसंच्या तसं, मोठ्ठं! शेजारच्या कुलकर्णीकाकू धावत आल्या, "कुणाला दम लागलाय हो? डॉक्टरला बोलावू का?"

दादांनी माउथ ऑर्गन रुमालात गुंडाळला. "लई चांगलं केलंत तुम्ही," ते म्हणाले. "आजार माझाच मोठा आहे." आणि हसले. त्या हसण्यानं मला इतकी लाज वाटली की जेवताना मी त्यांच्याकडं पाहूच शकलो नाही. दोन महिने मी खपलो होतो आणि त्या माणसाला त्याची धाप मोठी करून ऐकवली होती.

मग मी हट्टालाच पेटलो. रोज हे बदल, ते बदल, आणि बदल मुरावा म्हणून पेटी दिवसभर चालू. धाप काही हटेना. लग्न रविवारी औरंगाबादलाच, शनिवारी आमच्याकडं मंगलचं केळवण. शुक्रवारी मी रजा टाकली आणि सकाळी भाजी आणून परत येतो तो पेटीच्या झाकणावर एक भलंमोठं पातेलं, आणि पातेल्यावर माझा मफलर!

"सुमन! हे काय?"

"पाच शेर दूध विरजलंय. उद्याच्या श्रीखंडाला."

"अगं, पण अँप्लिफायरवर?"

"मग कुठं? या थंडीत दही लागतंय का? चार दिवस झाले, दूध जसंच्या तसं. तुमची ही पेटी मात्र दिवसभर नुसती तापून ऊब वाया घालवतेय. काहीतरी उपयोग होऊ द्या तिचा!" मग बोट रोखून म्हणाली, "आणि ऐका. दही लागेपर्यंत पेटी बंद करायची नाही आणि वाजवायचीही नाही. लागतं भांडं हलवू नये."

असा माझा अँप्लिफायर त्या दिवशी आवाज न करता पूर्ण ताकदीनं दही लावत बसला. त्याच्यावर घेतलेल्या मेहनतीला एवढं यश प्रथमच येत होतं.

तीनच्या सुमाराला सुमन गुलमंडीला बांगड्या आणायला गेली आणि तेवढ्यात वैजापूरहून दादा, वहिनी आणि मंगल येऊन थडकले. वहिनी आत टेकल्या. दादा पेटीशी येऊन हळूच म्हणाले, "पाव्हणं, एकदाच. शेवटचं. बघू तरी."

"वर दही आहे, दादा."

"असू द्या की. मी काय नाचणारंय का?"

आता सासरच्या थोरल्या माणसाला, परवा ज्याचा शब्द जायचाय त्या बापाला, दह्यासाठी नाही म्हणायचं का? मी म्हणालो, "हळू वाजवा."

दादांनी सुरुवात केली. आज त्यांनी धून खालच्या पट्टीत घेतली होती. खर्जातला पहिलाच सूर असा घुमला की खिडकीची काच थरथरली. मी डोळे मिटले. दादांचे मिटलेलेच होते. मला परत तो मांडव दिसू लागला. आणि खर्जाच्या प्रत्येक सुराला ते पातेलं एकेक बोट सरकत होतं, हे त्या खोलीत फक्त मंगलला दिसत होतं.

"मामा," ती म्हणाली.

(आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात.) मी डोळे न उघडता म्हणालो, "श्श! ऐक."

"मामा, पातेलं!"

"ऐक गं!"

दादांनी शेवटचा लांब सूर लावला. पातेलं झाकणाच्या काठाशी गेलं, क्षणभर विचार केला आणि कलंडलं. अर्धं दही जमिनीवर आणि अर्धं भोकाभोकांतून आत! चर्रर्र झालं, फट्ट झालं, घरातला फ्यूज उडाला आणि पेटीतून वाफ निघाली. वास सुटला तो जळक्या कढीचा. फोडणी तेवढी राहिली होती.

नेमकी तेव्हाच सुमन दारात. पिशवी खाली ठेवून तिनं आधी जमिनीवरचं दही बोटानं उचलून पाहिलं. "कसं छान घट्ट लागलं होतं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्याकडं वळून जे काही म्हणाली ते केळवणाच्या घरात शोभण्यासारखं नव्हतं.

दादा मात्र भिंतीला टेकून बसले. मंगल आत गेल्यावर पुटपुटले, "आता तिला काय सांगू?"

ते ऐकलं आणि सुमननं पदर खोचला. "उठा," ती मला म्हणाली. "रडत काय बसलाय? पुसायला घ्या." शनिवारी सकाळी केळवणाच्या शेवया एका चुलीवर आणि दुसरीकडं आम्ही दोघं गच्चीवर, अशी वरात. व्हॉल्व्ह धुतले, तारा पुसल्या. स्पीकरच्या कागदी पडद्यात दही मुरून तो ओल्या पापडासारखा लोंबत होता. उन्हात वाळला तेव्हा सुरकुतला आणि दोन ठिकाणी उलला. सुमननं खळ लावून त्यावर पतंगाचा कागद चिकटवला. वाजवून पाहायची माझी हिंमत झाली नाही. दुसरा स्पीकर आणायला वेळही नव्हता.

रविवारी पेटी टांग्यातून लग्नाच्या कार्यालयात नेली. पाठवणीची तयारी चालली तशी मी ती चालू केली. व्हॉल्व्ह तापले आणि आत मुरलेलं दहीही तापलं! मांडवभर वास दरवळला. मुलाकडचे एक आजोबा नाक वर करून म्हणाले, "मठ्ठा आला वाटतं." त्यांच्यामागं चार माणसं उठली, चारामागं चाळीस. नुकतीच जेवून उठलेली सबंध पंगत पुन्हा पाटावर जाऊन बसली! आचारी हात जोडून सांगत होता, "मठ्ठा संपलाय हो," आणि आजोबा ऐकत नव्हते. "खोटं बोलू नका, वास येतोय!" लाऊडस्पीकरवाला माझ्या पेटीभोवती माशा वारत म्हणाला, "साहेब, हे लस्सीचं मशीन आहे का?"

मंगल गाडीशी येऊन उभी राहिली. आत बसेना. दादा माईक घेऊन उभे होते. मी मनातल्या मनात सगळे देव एका रांगेत उभे केले.

आणि दादांनी फुंकर मारली.

तो आवाज कसा होता हे मला अजून नीट सांगता येत नाही. जाडसर, जरासा घोगरा, उबदार. त्या सुरकुतलेल्या पडद्यात धापेची फुसफूस कुठं जिरून गेली कुणास ठाऊक! राहिला तो नुसता सूर, आणि सूर वैजापूरच्या ओट्यावरचा, दुखण्याच्या आधीचा, तरण्या दादांचा. पाटावर बसलेली माणसं तशीच वळून ऐकू लागली. आजोबा मठ्ठा विसरले. मधे एकदा दादांचा दम संपला, तेव्हा पेटीतला तो हळू घुमणारा आवाज तोच सूर धरून राहिला आणि दादांना श्वास घ्यायला सवड मिळाली. दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून गाळून खाली येत होतं, आणि सगळं वऱ्हाड पाळण्यात घालून कुणीतरी झोके देतंय असं वाटत होतं.

मंगल हसत गाडीत बसली. दादाही रडले नाहीत. मी मात्र ढसाढसा रडलो, आणि सुमननं पदर पुढं केला. त्यालाही दह्याचा वास होता.

पण खरी पंचाईत यानंतर सुरू झाली. त्या आवाजाची बातमी गावातल्या माउथ ऑर्गनवाल्यांत पसरली. ऑर्केस्ट्रावाले, हौशी, एक तर थेट अजिंठ्याहून आलेले मास्तर, सगळे आपापले जुने व्हॉल्व्हचे डबे घेऊन माझ्या दारात. "तसलाच आवाज पाहिजे!" मी त्यांना कागदावर नकाशे काढून दाखवायचो, कंडेन्सरवर व्याख्यान द्यायचो, पंधरा पंधरा दिवस डब्यात डोकं घालून बसायचो. आवाज यायचा स्वच्छ. सुंदर. आणि नको असलेला!

शेवटी जालन्याच्या एका वादकानं माझं काम शांतपणे ऐकून घेतलं, माउथ ऑर्गन खिशात घातला आणि माझ्या डोक्यावरून स्वयंपाकघराकडं पाहत अदबीनं विचारलं, "वहिनी, तुम्ही जरा बघता का?"

सुमन हात पुसत बाहेर आली. झाकण उघडून आत एक नजर टाकली, स्पीकरच्या कागदावर टिचकी मारली आणि म्हणाली, "याला म्हशीचं चालणार नाही. गायीचं घेऊन या, शेरभर."

आणि माझ्याकडं न बघता मला म्हणाली, "तुम्ही मधनं उठा, आणि मफलर द्या."