मंजुळाबाईंचा झोक

मंजुळा,

तुझ्या मंगळागौरीच्या ग्रुपचा कार्यक्रम परवा पाहिला. तू पहिल्या रांगेत बसली होतीस, मी मागे. झिम्म्यात उजवा हात वर नेताना स्टेजवरच्या सगळ्या बायका डावीकडे कलल्या, आणि माझ्या शेजारची म्हणाली, "हा मंजुळाबाईंचा झोक हं! डोंबिवलीत दुसऱ्या कुणाकडे नाही." मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नव्हे, तुला ठाऊक आहे.

तू संगमेश्वराकडची. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा रडत न बसता पोळीभाजी केंद्र काढलंस. पोळ्या न्यायला येणाऱ्या बायकांनाच पकडून ग्रुप उभा केलास. "पोळ्या भाजून होईतो एक फेर धरा गं," म्हणायचीस. नऊवारी नेसून तू पुढे उभी राहिलीस, की मागच्या थकलेल्याही उड्या मारायच्या.

मग माळ्यावरचं मोठं पातेलं निसटलं. ते उजव्या हाताने झेललंस आणि खांद्यात काहीतरी कटकन तुटल्यासारखं झालं. बाम चोळलास, कुणाला बोलली नाहीस. त्या श्रावणात तुझ्या नाचात झोक आला. ग्रुपमधल्या संचितासारख्या पोरी तो घरी आरशापुढे घोटायला लागल्या!

मी तालमीला आले ती नुसती बघायला. पण जन्मभर ठाण्यात फिजिओथेरपी केलेली. ती कललेली ओळ पाहून मला नाच दिसेना, तुझा खांदाच दिसायला लागला.

"घरी ये. हात तपासते."

"काय धाड भरलीय माझ्या हाताला?" म्हणत आलीस.

स्टुलावर बसवून हात बाजूने खांद्याइतका उचलायला सांगितला. मी वरून दाबणार, तू दाबू द्यायचं नाही. तू खांदा कानाला भिडवलास, कमरेतून डावीकडे झुकलीस, तळवा छताकडे फिरवलास.

"पास ना, काकू?"

"हात वर नाही गेला. तू खाली गेलीस."

"पोचला ना? मग कसा का पोचेना!"

तेव्हा तुझी डावी कूस कपाटाला टेकवली, म्हणजे झुकायला जागा नको. उजव्या खांद्यावर माझा पंजा ठेवला. "आता उचल." मी दाबलंही नव्हतं. हात मांडीवरून जेमतेम उठला आणि थरथरत तिथेच थांबला. एक स्नायू दुबळा झाला की त्याचं काम आजूबाजूचे ओढतात, आणि आधी फसतं ते माणूस स्वतः. त्या हाताकडे तू अशी बघत राहिलीस, जणू तो दुसरीचाच कुणाचा.

"काकू, कुणाला सांगू नका."

"खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला असणार. लवकर शिवला तर जुळतो. ठाण्यात माजिवड्याला एमआरआय करू, मी येते सोबत."

"श्रावण जाऊ दे."

श्रावण गेला. मग गौरी आल्या, नवरात्रात भोंडला, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. फोन केला की हसायचीस, "काकू, तुम्ही म्हणजे ना, स्थळ आणल्यासारख्या मागे लागता!" मी चिडून फोन ठेवायचे. संक्रांत उलटल्यावर एका सकाळी आपणहून दारात आलीस, केस मोकळे. अंबाडा घालायला हात मागे पोचत नव्हता. कितीही झुकलीस तरी.

माजिवड्याच्या सर्जनने एमआरआय पाहिला आणि म्हणाला, "सहा महिन्यांपूर्वी आणायला हवं होतं. स्नायू आखडून वाळलाय, टाका धरणार नाही."

परतताना शीळफाट्याला रिक्षा अडकली, तेव्हा तू म्हणालीस,

"काकू, पोरींना सांगायला हवं. चांगले धडधाकट खांदे त्यांचे, उगाच वाकतात. झिम्मा सरळ शिकवायला हवा. पण मला एकटीला नाही जमणार. तुम्ही चला."

"गुरुवारी जाऊ," मी म्हटलं. तालीम गुरुवारीच असते.

गुरुवारी तू म्हणालीस केंद्रावर गर्दी आहे. पुढच्या गुरुवारी मी विचारलं नाही. तुझ्याकडे त्या झोकाशिवाय आता राहिलं होतं काय?

परवा कार्यक्रम संपल्यावर संचिता धावत येऊन तुझ्या पाया पडली. "बाई, झोक जमला ना?"

"जमला गं," म्हणालीस. डावा हात तिच्या डोक्यावर ठेवलास आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलंस.

मंजुळा, तालीम अजून गुरुवारीच असते. आपलं जायचं राहिलंय.