तेल लावलेला बोकड

१८ एप्रिल, जत्रेचा दुसरा दिवस. ऊन अंगणात यायच्या आत मी धाकट्या जावेच्या बोकडाला करंजाचं तेल चोळत होते. त्याला गोचिडं झाली होती. कानाच्या मुळाशी, मांडीच्या आत, शेपटीखाली. मोठी गोचिडं जाऊ उपटत होती आणि दगडावर ठेचत होती, बारकी तेलातच मरतात. बोकड शिंगं मारत होता. माझ्या मांडीवर त्याच्या शिंगांचे दोन काळेनिळे डाग उठले.

दुसऱ्या दिवशी आष्ट्याचा व्यापारी त्याला बघायला येणार होता. बकरी ईदला सांगलीत गिऱ्हाईक होतं. व्यापाऱ्याची अट एकच, अंगाला खोट नको. कान फाटलेला, शिंग मोडलेलं, पाय लंगडा असला तर कुर्बानीला चालत नाही. मग तो खाटकाच्या भावानं जातो, आणि त्या भावात अन् ईदच्या भावात एका शेळीचा फरक पडतो.

बोकड जावेच्या स्वतःच्या पैशातला. बायकांच्या खात्यावर दर महिन्याला सरकारचे पैसे यायला लागले तेव्हा आमच्या गल्लीत कुणी मिक्सर घेतला, कुणी पोरांची फी भरली. जाऊ काही महिने बँकेत फिरकलीच नाही. मग एकदम पैसे काढून गाभण शेळी घेऊन आली. दीर म्हणाला, "हे डबडं कशाला आणलंस? म्हस आणायची."

"म्हशीला वैरण तुमी आणणार हाय का?" एवढं विचारलं म्हणून तिनं थोबाडीत खाल्ली. शेळी मात्र परत गेली नाही.

शेळी व्याली, एक पाठ आणि एक बोकड. पाठ म्हणजे मादी पिल्लू, ती ठेवायची म्हणून जाऊ खूश होती. महिन्याभरात उसातलं कुत्रं तिला ओढून घेऊन चाललं. जाऊ खुरपं घेऊन धावली. कुत्र्याचा जबडा सुटेना तेव्हा तिनं त्याच्या डोळ्यावरच घाव घातला. कुत्रं पुढं ओढ्याकाठी मरून पडलं. पाठही वाचली नाही. राहिला बोकड. तो ईदला विकायचा आणि त्यात दोन पाठी आणायच्या, असं तिचं ठरलं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं.

दीर तालमीत वाढलेला, आता ट्रॅक्टर चालवतो. दारू पीत नाही. मारतो ते शुद्धीत.

आमच्या जत्रेत पहिल्या दिवशी गोडा निवद, दुसऱ्या दिवशी खारा. खाऱ्या दिवशी घरोघर मटण शिजतं. दिरानं तालमीतल्या दोस्तांना जेवायला बोलावलं होतं, मटण बाजारातून आणतो म्हणाला होता. आमचे मालक फौजेतून आल्यापासून सांगलीत हळदीच्या गोदामावर पहारा करतात, जत्रेलाही त्यांना सुट्टी नव्हती. दोन्ही घरं एकाच अंगणात, त्यात मोठं माणूस मीच.

दहाच्या सुमारास दीर हात हलवत आला. मागं पाच-सहा दोस्त. ते सतरंजीवर बसले. दिरानं घरातनं भंडाऱ्याची वाटी आणली, पितळी तांब्या भरून घेतला आणि बोकडाचं दावं सोडलं.

जाऊ चुलीपुढून उठली. "आवं, त्यो ईदचा हाय. उद्या माणूस येणार हाय."

"माझ्या दारात आधी माझा देव, मग तुझा माणूस."

"मटण आणतो म्हणलासा न्हवं?"

"घरात बोकड असताना इकत आणू? दोस्त हसतील माझ्यावर."

सतरंजीवरचा एक म्हणाला, "आवं वैनी, बोकडाचं काय एवढं! दुसरा घ्या की. तुमास्नी सरकार देतंयच." सगळे हसले.

मी म्हणाले, "भावजी, जनावर तिचं हाय. तिला इचारा."

"बायकू कुणाची हाय?" त्यानं विचारलं. सतरंजीला हे फार आवडलं.

आमच्याकडे देवाला बोकड कापायचा तर आधी त्याच्या पाठीवर पाणी ओततात. बोकडानं अंग झाडलं म्हणजे देवानं घेतला. झाडेपर्यंत कुणी सुरी लावत नाही, कितीही मोठा पैलवान असला तरी. दिरानं बोकडाच्या कपाळाला भंडारा फासला आणि पाठीवर पाणी सोडलं.

पाणी तेलावरून घरंगळलं आणि खाली सांडलं. कातडीपर्यंत थेंब गेला नाही. बोकड शांतपणे जमिनीवरची पानं खात राहिला.

दुसरा तांब्या. तिसरा.

"पैलवान, देव जेवून आला जनू!"

"कानात वत रं कानात!"

"गड्या, आमी घरी जाऊन येतो. झाडलं की हाक मार."

मी जावेकडे बघितलं. ती खाली बघत होती. सकाळी सगळं अंग तिनं आणि मी मिळून चोळलेलं. दिरानं त्या जनावराला एकदा जरी हात लावला असता तर हाताला कळलं असतं. चौथ्या तांब्याला त्यानं चिडून पाठीवर थाप मारली, आणि मग तळहात नाकाशी नेला.

"त्याल लावलंया हिनं!"

"गोचिडाला लावलंय," मी म्हणाले. "सकाळधरनं. मी लावलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तांब्या जावेच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली. ती खाली बसली तसा त्यानं कमरेत लाथ घातली, मग केस धरून चुलीकडे ओढलं. सतरंजीवरून एक जण म्हणाला, "आरं ऱ्हाऊ दे, बाईमाणूस हाय." म्हणाला तो बसल्या जागेवरून.

जाऊ सुटली ती घरात पळाली नाही. भुवईचं रक्त डोळ्यात उतरलेलं, तशीच चाचपडत बोकडाकडे गेली आणि दावं धरून त्याला दाराबाहेर ओढायला लागली. दिरानं जळणातला सोटा उचलला. मला वाटलं, आता तिच्या डोक्यात घालतो. त्यानं तो बोकडाच्या पुढच्या पायावर घातला. तुरकाटी मोडावी तसा आवाज आला. बोकड पडला आणि माणसासारखा ओरडला.

तेव्हा सतरंजी उठली. "देवाचं पाणी घातलेलं जनावर! पाप केलंस, गड्या." चपला पायात अडकवून सगळे चालते झाले. एकानंही मागं वळून जावेकडे बघितलं नाही.

दिरानं सोटा पुन्हा उचलला. आता तिच्यासाठी. मेखा ठोकायचा हातोडा माझ्यामागं भिंतीला होता. मी तो घेतला आणि त्याच्या मनगटावर मारला. मारायचं तेवढ्या जोरानंच मारला. सोटा पडला आणि तो मनगट पोटाशी धरून खाली बसला.

"वैनी, हात मोडला की माझा!"

"बोकडाचा पाय मोडल्याला ऐकलासा न्हवं? तसाच आवाज आला."

वडापची जीप करून दोघांनाही आष्ट्याला नेलं. तो ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघी मागं. डॉक्टरांनी तिच्या भुवईला टाके घातले, त्याच्या हाताला प्लॅस्टर. कसं लागलं म्हणून विचारलं.

"जत्रेत," मी म्हणाले.

त्यांनी जास्त विचारलं नाही. जत्रेच्या दिवसात असं बरंच येत असावं.

घरी आल्यावर जावेनं बोकडाच्या पायाला कामट्या बांधल्या. मी म्हणाले, कशाला, उद्या त्याला खाटकाकडेच न्यायचाय. ती म्हणाली, "रातभर वरडंल त्यो." बांधून झाल्यावर शेळी घेऊन माझ्या गोठ्यात आली आणि तिथंच पडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच व्यापाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. बोकड टमटममध्ये घातला, दोघी आष्ट्याला गेलो. खाटकानं वजनावर घेतला. मी भावासाठी भांडले, त्यानं थोडं वाढवलं. त्या पैशात एकच पाठ आली, काळी, डाव्या कानावर पांढरा ठिपका. जाऊ तिला मांडीवर घेऊन बसली. सुजलेल्या डोळ्यानं तिला काही दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपून पाठीचे दात, खूर, कास बघत होती.

आलो तेव्हा दीर आपल्या उंबऱ्यावर बसला होता. "च्या," तो म्हणाला.

"डावा हात हाय की," जाऊ म्हणाली आणि पाठ घेऊन सरळ माझ्या गोठ्यात शिरली.

मी हातोडा घेतला आणि तिच्या शेळीजवळ एक मेख ठोकली.

"आक्का, दोन ठोका."

"पाठ तर एकच हाय."

"पुढच्या म्हैन्याला पैसे येत्यात की."

मी दुसरी ठोकली.