रॉकेटला पाठ लावून बसलेला माणूस

बारामतीत हल्ली ज्याला त्याला रॉकेटचं याड लागलंय. पूर्वी चहाच्या टपरीवर उसाच्या दरावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं आता कुठल्या परदेशी शेठचं रॉकेट किती उंच गेलं यावरून गळ्याच्या शिरा ताणतात. ज्याला स्वतःच्या मोटरसायकलची चेन बसवता येत नाही तो मंगळावर वस्ती कधी होणार ते सांगतो. केशकर्तनालयात भिंतीवर रॉकेट, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रॉकेट, लग्नाच्या फ्लेक्सवर नवरा-नवरीच्या मधोमध रॉकेट. बादशाह मुलाणींना या सगळ्याची मनापासून चीड होती, आणि तशी चीड असायचा हक्क तालुक्यात कुणाला असेल तर तो त्यांनाच होता.

बादशाहभाईंची तेहेतीस वर्षं वालचंदनगरच्या कारखान्यात गेली. पहिली नऊ वर्षं वेल्डिंग केलं, पुढची चोवीस दुसऱ्यांचं वेल्डिंग तपासलं. साखर कारखान्याच्या बॉयलरपासून ते रॉकेटच्या पोलादी नळकांड्यापर्यंत जे जे जोडलं जाई, त्याचा जोड त्यांच्या बोटाखालून जायचा. कामाची रीत साधी होती. जोडावर लाल तेलकट रंग लावायचा. वीस मिनिटं गप बसायचं. मग फडक्यानं लख्ख पुसून घ्यायचं आणि वर पांढरी भुकटी उडवायची. जोड चांगला असेल तर भुकटी पांढरीच राहते. केसाएवढी जरी चीर असली तरी आत लपलेला लाल रंग भुकटीतून हळूहळू वर येतो आणि रेघ उमटते. रेघ उमटली की बादशाहभाई खडूनं फुली मारत आणि पुढच्या जोडाकडे सरकत. एकदा ही फुली त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या कामावर मारली. मेहुणा त्यांच्या मुलीच्या, शहाजादीच्या लग्नाला आला नाही. बायकोनं वर्षभर टोमणे मारले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण फुली पुसली नाही.

निवृत्त झाल्यावर कॉलनीतलं घर सोडून ते बारामतीत येऊन राहिले. शहाजादी फलटणला दिलेली. तिची मुलगी सिमरन आजोळी राहून तालुक्यातल्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होती. बायको गेल्यावर त्या घरात नाना आणि नात एवढी दोनच माणसं उरली होती. पोरगी हुशार. तिच्या वह्यांतली चित्रं बघून म्हातारा मनातून फुलायचा, तोंडावर मात्र एवढंच म्हणायचा, "बरं हाय."

तर या कॉलेजचे संस्थापक विजयसिंहराव. माणूस उत्साही, म्हणजे फोटोत येण्याच्या बाबतीत. पुण्याची एक नवी कंपनी आपल्या छोट्या रॉकेटच्या चाचणीसाठी मोकळी जागा शोधत होती, तिला त्यांनी मोरगावच्या अलीकडचा आपला माळ दिला. बदल्यात कॉलेजची चार पोरं कंपनीच्या कामात घेतली जाणार होती. त्यांत सिमरन होती. कंपनीची प्रमुख श्रेया नावाची तिशीतली मुलगी होती. बोलायला गोड, चालायला घाईची.

चाचणीच्या आठ दिवस आधी बादशाहभाई आपणहून माळावर गेले. नळकांडं उभं होतं, पुरुषभर उंच, वरच्या बाजूला पांढरा रंग आणि खाली उघडं, चकचकीत पोलाद. उभा जोड त्यांनी डोळ्यांनीच चाचपला आणि विचारलं, "हे कुनी जोडलं?"

"वर्कशॉपमधून करून घेतलं, काका," श्रेया म्हणाली.

"तपासलं का?"

"सगळं कॉम्प्युटरवर तपासलंय."

"कॉम्प्युटरवर न्हवं. ह्याच्यावर. मला अर्धा तास द्या फकस्त."

श्रेया हसली, मोबाईल वाजला म्हणून बाजूला गेली आणि परत आली नाही. विजयसिंहरावांनी खांद्यावर हात टाकला. "बादशाहभाई, तुमी तपासायला न्हाय यायचं आता. तुमी सत्काराला यायचं. रॉकेटचे खरे शिल्पकार म्हणून स्टेजवर बसवनार हाय तुमाला." या गावात माणसाचं ऐकायचं नसलं की त्याला शाल आणि नारळ देतात.

चाचणीच्या दिवशी सकाळी आठलाच माळ फुलला. जीपगाड्या, ट्रॅक्टर, वडापावचे गाडे, तोंडावर झेंडे रंगवलेली पोरं. आकाशपाळणाही आला होता. विजयसिंहरावांच्या आई साखरबाई यांच्या हस्ते रॉकेटची पूजा झाली. गुळगुळीत पोलादावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून साखरबाईंनी ते तेलात कालवलं आणि बरोबर जोडावर हे मोठं स्वस्तिक काढलं. मग सगळे पाहुण्यांची वाट बघत बसले. पाहुणा म्हणजे मालिकेत सैन्यातला अधिकारी होणारा एक नट. रॉकेटशी त्याचा संबंध एवढाच की त्याच्या अंगावर गणवेश शोभतो.

नट अकराला आला. आल्या आल्या त्याच्या फोटोवाल्यानं फर्मावलं, "हे तेलकट डाग पुसा, फ्रेममध्ये घाण दिसतंय." पोरांनी फडक्यानं पुसलं. आता पोलाद उन्हात चकाकायला लागलं. "चमक मारतंय," फोटोवाला ओरडला. तेव्हा नटाचा रंगभूषावाला पुढं झाला. त्यानं डबीतली पावडर घेतली आणि नटाच्या नाकाला लावावी तशी पफनं रॉकेटला थापली. नट रॉकेटशेजारी छाती काढून उभा राहिला. लोक शिट्ट्या मारत होते.

स्टेजवर शाल पांघरून बसलेले बादशाहभाई हे बघत होते. आधी त्यांना हसू आलं. मग ते खुर्चीतून अर्धवट उठले. कारण तेल, पुसणं, पावडर, आणि मधे जवळजवळ दोन तासांची वाट. या मूर्खांनी न ठरवता, न समजता, बादशाहभाईंचीच तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत करून टाकली होती. आणि पांढऱ्या पावडरीतून, नटाच्या कोपराच्या बाजूला, वीतभर लांब लाल रेघ वर येत होती.

त्यांनी माळाकडे नजर टाकली. रॉकेटपासून जेमतेम पंधरा पावलांवर टेबल मांडलं होतं, त्यावर बटण होतं आणि टेबलामागं सिमरन उभी होती, नवी ओढणी घेऊन. बटण तिनं दाबायचं ठरलं होतं. मुलगी आणि रॉकेट एकाच फोटोत यावीत म्हणून टेबल एवढं जवळ घेतलं होतं.

म्हातारा स्टेजवरून उतरला तो धडपडतच. "श्रेयाबाई, चीर हाय जोडाला. ती रेघ बगा. उडवू नका."

श्रेयानं वळून बघितलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण तेवढ्यात विजयसिंहराव आले. "अवो, आईनं लावलेलं कुंकू हाय ते. पुसायचं ऱ्हायलंय."

"पुसून बगा. भुकटी मारा, पुन्यांदा येतीय का न्हाय बगा."

"बादशाहभाई, चांगल्या कामात अपशकुन करू नका. पाव्हण्यांना दोनला पुन्यात शूटिंग हाय."

गर्दीला कळलं की म्हातारा काहीतरी अडवतोय. मागून एक आवाज आला, "ह्यांना देशाचं रॉकेट वर गेलेलं बघवत न्हाय!" ह्यांना म्हणजे कुणाला, ते माळावरच्या प्रत्येकाला समजलं. त्याच गर्दीत बादशाहभाईंकडून लोखंडी गेट फुकट जोडून नेलेली माणसं होती. त्यांतलं एकही तोंड उघडलं नाही. उलट दोघंचौघं हसली.

बादशाहभाईंनी अंगावरची शाल काढली, घडी घालून जमिनीवर टाकली आणि रॉकेटच्या चबुतऱ्याला पाठ लावून खाली बसले.

"उडवा आता," ते म्हणाले.

मग जो गोंधळ झाला तो सांगायलाही लाज वाटते. बाटल्या आल्या, ढेकळं आली. हवालदार हात जोडून विनवत राहिला, कारण कॅमेरे चालू होते आणि पासष्टीच्या पुढच्या माणसाला फरफटत नेणं बरं दिसलं नसतं. शेवटी विजयसिंहरावांनी सिमरनला पुढं केलं.

ती आली. रडून रडून चेहरा लाल झाला होता. "नाना, उठा. पाया पडते तुमच्या. तीन महिने झाले, रात्रंदिवस काम केलंय मी ह्याच्यावर."

"तुज्या कामाला न्हाय बोलत मी. जोड खराब हाय."

"सगळ्यांपुढं माझ्या तोंडाला काळं फासताय तुमी!"

बादशाहभाईंना उठावं आणि पोरीला पोटाशी धरावं असं फार वाटलं. पण उठले असते तर ती पुन्हा त्या टेबलामागं जाऊन उभी राहिली असती. ते बसून राहिले.

साडेबाराला नट गेला. त्याच्यामागं निम्मी गर्दी गेली. उन्हाचा तडाखा वाढला तसा आकाशपाळणाही बंद झाला, आणि चाचणी रद्द झाल्याचं भोंग्यावरून सांगितलं गेलं. सिमरन त्याच संध्याकाळी बॅग भरून मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली.

पुढचे तीन आठवडे बादशाहभाईंना गावानं सोललं. भाजीबाजारात पोरं त्यांना बघून बसकण मारायची आणि "उडवा आता" म्हणून खिदळायची. मोबाईलवर त्यांच्या बसलेल्या फोटोखाली जे लिहिलं गेलं, ते शहाजादीनं फलटणहून वाचून दाखवायचं नाकारलं. मशिदीतलेसुद्धा एकदोघं म्हणाले, "कशाला मधी पडलात चाचा? आपल्याला ऱ्हायचंय हितं." ते कुणाला उत्तर देत नसत. सिमरनला रोज एक फोन करत आणि ती तो रोज कापे.

मग एका दुपारी सिमरन दारात येऊन उभी राहिली. चपला न काढता भिंतीला टेकून बसली. कंपनीनं तेच रॉकेट इंदापूरच्या बाजूला एका बंद पडलेल्या दगडखाणीत नेलं होतं. दुसरं करायला वेळ नव्हता. लोक बोलावले नव्हते. आणि श्रेयानं, कुणाला कारण न सांगता, बटणाची वायर तीनशे फूट लांब केली होती. सगळे खडकाआड होते.

"जोड फाटला, नाना," ती म्हणाली. "उभाच्या उभा फाटला. रिकामं टेबल पहिल्यासारखंच ठेवलं हुतं, पंधरा पावलांवर. पत्र्याचा तुकडा त्याच्यातनं आरपार गेला. हितनं." तिनं हात आपल्या छातीवर ठेवला.

बादशाहभाई तिच्याजवळ येऊन बसले. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. त्यांना वाटलं, आता संपलं. गाव गेलं खड्ड्यात, पोरीला समजलं, एवढं पुरे.

तिचा मोबाईल वाजला. तिनं बघितलं आणि पालथा ठेवला. "काय हाय?" त्यांनी विचारलं. तिनं आढेवेढे घेत वाचून दाखवलं. कंपनीनं लिहिलं होतं: चाचणी यशस्वी, बहुमोल माहिती हाती आली, बारामतीकरांच्या पाठिंब्याबद्दल आभार. खाली पन्नास हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. विजयसिंहरावांनी तिरंगी हृदयं पाठवली होती.

"श्रेयाबाईनं?"

"त्यांनीच लिहिलंय."

"आन् तू काय लिवलंस?"

चष्मा लावून त्यांनी मोबाईल हातात घेतला, बोटानं एकेक ओळ सरकवत गेले. नातीचं नाव सापडलं. पुढं लिहिलं होतं, अभिनंदन टीम, आपला अभिमान आहे.

"जूनपासून नोकरी देनार हायेत मला, नाना," ती खाली बघत म्हणाली. "सगळ्यांनीच लिहिलंय."

"बरं. मंग माझं बी लिही. सांगतो तसं." त्यांनी मोबाईल परत दिला. "जोड फाटला. मानसं लांब हुती म्हनून वाचली. बादशाह मुलाणी, बारामती. एवढंच."

सिमरननं लिहिलं. सगळं लिहिलं, नावासकट. मग तिचा अंगठा थांबला. त्यांनी वाट पाहिली. ती म्हणाली, "नको ना, नाना," आणि एकेक अक्षर मागून पुसत गेली, त्यांच्या समोर, त्यांचं नाव आधी.