बांधावरचा राघो

अठराशे ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. ठाण्याच्या सरकारी शाळेत गुरुदत्त मास्तर सकाळी मॅट्रिकचा जादा वर्ग घेत. भूमिती तर असेच. पण पुढे मुंबईच्या कॉलेजात साहेब बोलू लागला की टिपणं कशी काढायची, उभं राहून उत्तर कसं द्यायचं, हेही ते घोटून घेत. खाडीकाठच्या कोलशेतच्या आगऱ्यांपैकी या वर्गात बसणारा राघो पहिलाच.

ऐकता ऐकता तो डोळे मिटी. कॉलेज त्याला खाडीवरच्या धुक्यासारखं दिसे. पांढरं, उंच, जमिनीला न टेकलेलं.

काही दिवस तो वेळेवर येई. मग रोज थोडा जास्त उशीर. मग पुन्हा वेळेवर. मास्तर रागावत, राघो मान खाली घाली. कारण काय सांगायचं? भरती रोज पुढे सरकते. ती ओसरेपर्यंत बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या फटी चिखलाने बुजवत उभं राहावं लागतं, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. हे कोणाला ठाऊक नसतं? मास्तर सगळं जाणून रागावतात, असंच तो धरून चालला होता.

आश्विनात भात फुलोऱ्यावर असताना मास्तर म्हणाले, "परीक्षेसाठी नावं उद्या जातील. घंटेला जो नाही, त्याचं नाव नाही."

"उद्या तर भरती आजच्याहून उशिरा आहे, मास्तर."

वर्ग खो खो हसला. "खाली बस! तोंडी लागतोस?"

शेजारी बसणाऱ्या बाळने, वकिलांच्या मुलाने, त्याला बाहेर गाठलं. सगळं ऐकून तो थक्क झाला. "अरे गाढवा, मास्तर घाटावरचे! त्यांना काय ठाऊक तुझी भरती?"

"ठाऊक नाही?" राघो जागीच थांबला. "आता सांगितलं तर सबब वाटेल रे."

सकाळी बांधावर आई, सखुबाई, म्हणाली, "तू जा. मी हाय."

"आये, तुला एकटीला पेलायचं नाय."

"तुझा बापूस पन पान्यानच गेला. तू तरी सुका ऱ्हा."

इतक्यात धुक्यातून बाळ आला. धोतर खोचलेलं, जोडे हातात. "फटी कशा बुजवायच्या ते दाखव आणि पळ."

"बामनाचा पोर चिखलान! तुझी आय मना शाप देल."

"आईला सांगतंय कोण, मावशी?"

"आणि तुझं नाव?" राघोने विचारलं.

"पळ म्हणतो ना!"

घंटा झाली तेव्हा राघो जागेवर होता. मास्तरांनी त्याचं नाव लिहिलं. मग लेखणी थांबली. "बाळ?"

राघो उभा राहिला, शिकवलं होतं तसा. "माझ्या जागी आहे, मास्तर. बांधावर." या वेळी त्याने सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही.

मास्तर खिडकीशी गेले. तिथून खाडी दिसत नव्हती. तरी ते बराच वेळ बघत राहिले. मग येऊन त्यांनी यादी तशीच अपुरी ठेवून दौतीला झाकण लावलं.

"पाणी कधी ओसरतं रे?"