चमच्याच्या पाठीवरची चव

माझे वडील केक करायचे. गल्लीतल्या यच्चयावत माणसांसाठी ते ‘केककाका’. स्वभावाने तिरसट. गिऱ्हाईकाने केकवर दोन फुलं जास्त मागितली की विचारायचे, “केक हवाय की बाग?” पण लेमन कर्ड करायला बसले की हाच माणूस लोण्यासारखा मऊ व्हायचा.

कर्ड म्हटलं तरी त्याचा दह्याशी काडीचा संबंध नाही. लिंबाचा रस, किसलेली पिवळी साल, अंड्यांचा बलक आणि साखर एका स्टीलच्या भांड्यात घालायचं, ते भांडं उकळत्या पाण्यावर धरायचं आणि ढवळत राहायचं. दाट झालं की उतरवून लोणी घालायचं. मध्येच लक्ष उडालं की बलकाचं ऑम्लेट झालंच म्हणून समजा. बाबा आधी साखर हात राखून घालायचे, कारण सगळी लिंबं सारखी आंबट नसतात. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि त्यातून बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली, की चाखायचं आणि उरलेली साखर त्यावरून ठरवायची.

नेमकी बाबांची ती चवच गेली. एका हिवाळ्यात ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. वासापाठोपाठ चवही गेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. बाबांनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावून दार लोटलं.

“कुणाला कळता कामा नये. ज्याला चवच कळत नाही, त्याच्याकडून केक कोण नेईल?”

तेव्हापासून चाखायचं काम माझं. बाबा चमचा माझ्यापुढे धरायचे. मी भुवई उडवली की साखर हवी, मान हलवली की पुरे. नियम दोनच होते. चाखायच्या आधी तासभर गोड खायचं नाही आणि कोमट पाण्याने चूळ भरायची. मला ते सगळं थोतांड वाटायचं. दीड वर्ष आमचं बिनबोभाट चाललं.

हेडबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. निवृत्त मुख्याध्यापिका. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला लिंबाचा केक न्यायच्या. त्या वर्षी चाळिसावा वाढदिवस होता आणि त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते. “हल्ली ते काही खात नाहीत,” बाई म्हणाल्या, “पण तुमच्या केकचा तो आंबटपणा त्यांना अजून आठवतो.”

त्या दिवशी सहा केक होते. केकचा वर फुगलेला भाग कापून तो सपाट करावा लागतो. ते कापलेले तुकडे क्रीमला लावून मी सकाळपासून तोंडात टाकत होते. चूळ भरायचं विसरले. विसरले कसली, कंटाळा केला.

चमचा पुढे आला. आंबटढाण! मी भुवई उडवली. बाबांनी साखर घातली. पुन्हा आंबट. पुन्हा साखर. तिसऱ्यांदा त्यांचा हात थबकला.

“नक्की?”

“बाबा, चव मला कळते की तुम्हाला?” मी खेकसले.

त्यांनी निमूटपणे साखर घातली. केकच्या थरावर कडेने क्रीमचं रिंगण काढून त्यांनी आत कर्ड ओतलं. इतक्या साखरेने ते नेहमीपेक्षा पातळ झालं होतं आणि हे त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी माझं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हेडबाई उरलेला केक खोक्यात घेऊन दुकानात आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. “नुसता पाक लागत होता हो,” त्या म्हणाल्या. “यांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, हा कुठल्या दुकानातून आणलास?”

मी खोक्यात बोट घातलं आणि चाटलं. दात शिवशिवावेत इतकं गोड. गोड खाल्लेल्या तोंडाला लिंबू दुप्पट आंबट लागतं, हे केकवाल्याच्या मुलीला कुणी शिकवावं लागतं का? मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा पुढे झाले.

“चूक माझी आहे, बाई. मला दीड वर्षापासून चव कळत नाही.”

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं, पण मी खोक्याचं झाकण लावत राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर लोक बाबांच्या देखत मलाच विचारू लागले, “आता तूच करतेस ना?” आठवडाभरात बाबांनी अॅप्रन उतरवला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लिंबाची साल तेवढी किसू लागले. हेडबाईंचे यजमान दोन महिन्यांत गेले. पुढच्या वर्षी तो केक कुणी मागितला नाही.

तीन वर्षांनी बाबांनीही अंथरूण धरलं. एके दुपारी मी कर्ड केलं आणि त्यांच्यासाठी चमच्यावर घेऊन आले. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आधी गोड काही खाल्लं होतंस का?”

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. माझे डोळे भरून आले.

“नाही बाबा. सकाळपासून काहीच नाही. चूळही भरली.”

“मग बरोबर झालं असेल,” ते म्हणाले आणि चमचा चाटून पुसून माझ्या हातात दिला.