मामांच्या लॅपटॉपमधली स्थळं

आमच्या घराण्यात कुणी नवा लॅपटॉप घेतला की जुना माझ्याकडं येतो. मी वाळूजला एका कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो, एवढंच कारण. "त्यातलं सगळं काढून दे जरा," म्हणतात, जणू डब्यातलं पीठ काढायचंय. लॅपटॉप पुढं कुणाकडं तरी जातो, किस्सा मात्र आपल्याकडंच राहतो. असे लई साठलेत. बहुतेक हसण्यासारखे आहेत. एका किश्शावर मात्र मला अजून हसू येत नाही.

* * *

दिनेश माझा चुलतभाऊ. यानं मला न विचारता परस्पर लॅपटॉप विकला. फोटो काढले, गाणी काढली आणि व्हॉट्सअॅप तसंच चालू ठेवलं. घेणारा माणूस सज्जन. त्याला वाटलं, हे सोबतच मिळतं. चार दिवस तो आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सगळ्यांना जय भीम घालत होता, वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होता. दिनेश स्वतः ग्रुप कधी उघडतच नाही, त्यामुळं त्याला पत्ता नाही.

पाचव्या दिवशी आत्याचा मला फोन. "काय रे, दिनेश आजारी हाये का? लई नीट बोलायला लागलाय."

* * *

ताईच्या वेळी चूक माझी, असं ताई म्हणते. मी तीनदा विचारलं होतं, "काही ठेवायचंय का?" तीनदा "काही नाही" आलं. पुसलं सगळं. दुसऱ्या दिवशी फोन, "तो माझा प्रबंध तेवढा पेन ड्राइव्हवर घालून दे."

दोन वर्षांचं काम होतं ते. बिचारीनं सगळं पुन्हा लिहिलं, आता डॉक्टर झालीय. प्रस्तावनेत तिनं झाडून सगळ्यांचे आभार मानलेत, माझ्या बायकोचेसुद्धा.

* * *

आता मामांचं. मामा रिटायर्ड मुख्याध्यापक, सगळे गुरुजी म्हणतात. अठरा वर्षं फुकट लग्नं जुळवतात. शहरापासून पार पिशोरपर्यंत कुणाच्या घरी पोरगी-पोरगा लग्नाचा झाला की बायोडाटा मामांकडं. तो लॅपटॉपमध्ये जातो आणि त्याखाली मामांचा शेरा पडतो. शाळेत प्रगतिपुस्तकावर लिहायचे, तसाच.

एकदा कीबोर्ड बदलताना मी चारदोन वाचले होते. "मुलगा बरा. आई तापट." "पिणं फक्त सणाला, पण सण बरेच." हसता हसता एका ठिकाणी थांबलो. प्रज्ञा नावाच्या मुलीखाली लिहिलं होतं, "लहानपणापासून फिट येते. औषध चालू. तीन वर्षांत एकदाही नाही. वडिलांनी विश्वासानं सांगितलं." मी ते बंद केलं आणि मामांना म्हणालो, असलं लिहून ठेवू नका. ते म्हणाले, "लिहिलं नाही तर पोरीला चुकीच्या घरात टाकीन मी."

पुढं प्रज्ञाचं लग्न मामांनीच जुळवलं, चितेगावच्या विशालशी. तिनं विशालला भेटून स्वतः सगळं सांगितलं. पोरगा म्हणाला, मला चालतंय, फक्त घरी नको सांगू, चुलते मोडतील. घरात चुलते उत्तमराव म्हणतील ती पूर्व दिशा.

* * *

लग्न आठ दिवसांवर आलं आणि मामांनी नवा लॅपटॉप घेतला. मला फोन केला तो कौतुकानं सांगायला, की या वेळी तुला त्रास दिला नाही, जुना मीच साफ केला.

"कसा केला?"

"सगळ्या नस्त्या बंद केल्या."

मला काही उमजेना. मग कळलं. शाळेत काम संपलं की नस्ती, म्हणजे फाईल, बंद करतात आणि अभिलेखाच्या कपाटात ठेवतात. फाडत कुणीच नाही. मामांनी सगळे बायोडाटे एका फोल्डरमध्ये घातले होते आणि फोल्डरला नाव दिलं होतं 'बंद स्थळं'.

"मामा, लॅपटॉप कुठंय?"

"दिला की काल. चितेगावच्या अभ्यासिकेला."

"तिथं कोण बघतं?"

"उत्तमराव."

* * *

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मामांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि पैठण रोडला लागलो. राग मला एवढा आला होता की बोललोच नाही. मामाच बोलत होते, तेही स्वतःशीच. "त्या बापानं माझे हात धरले होते रे. गुरुजी, तुमच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही म्हणाला." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मग मला रागवताही येईना.

अभ्यासिकेत उत्तमराव एकटेच होते. लॅपटॉप पुढ्यात, चालू. "जय भीम, पाव्हणं! कालपासून पुस्तकांची यादी टाकतोय ह्यात. बसा."

मी म्हणालो, "काका, ह्यात व्हायरस आहे. सगळं पुसून नवं टाकून देतो. तुमची यादी तेवढी काढून ठेवतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. "करा," म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मी पेन ड्राइव्ह लावला. अठरा वर्षांचं काम होतं ते. ताईचं आठवलं. हळूच विचारलं, "मामा, कॉपी काढू? दोन मिनिटं लागतील."

"नको."

"नीट विचार करा."

"नको म्हणतो ना. एकही ठेवू नको."

उत्तमरावांची यादी तेवढी पेन ड्राइव्हवर घेतली आणि बटण दाबलं. पुढचे दोन तास मी पडद्यावरचा आकडा बघत होतो. नऊ टक्के. चौदा टक्के. उत्तमराव परत येऊन समोर बसले, पाऊस-पाण्याचं बोलले, मंडपाचं बोलले. प्रज्ञाचं नाव निघालं की मामा रिकामा कप परत तोंडाला लावायचे. एक्क्याऐंशीला लाइट गेली. बॅटरीवर चाललं कसंबसं. शंभर झाले तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

उत्तमराव गाडीपर्यंत पोचवायला आले. मामा मागं बसले. मी किक मारणार, तेवढ्यात उत्तमरावांनी हँडलवर हात ठेवला.

"पोरीचं मी कालच वाचलं, गुरुजी. त्यात काय एवढं. माझ्या आईलाबी यायच्या फिटा, तिनं पाच लेकरं वाढवली."

उत्तमराव माझ्याकडं वळले. आवाज अगदी खाली आणला. "आमच्या विशालच्या नावाखाली जे लिव्हलं व्हतं, ते बी गेलं ना? परत निघत नाय ना कशानं?"

"नाय निघत, काका."

ते तरीही हँडल सोडेनात. मामांकडं बघत राहिले.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काय लिहिलं होतं मी, पाव्हणं? मला तर काहीच आठवत नाही."