रुख्माबाईंचे पाव्हणे

हिंगणघाटच्या रुख्माबाईंची जीभ गोड. वांगी तोलताना अनोळखी गिऱ्हाइकालाही त्या ‘पाव्हणे’ म्हणायच्या. ज्याला परकं म्हणायचं नाही त्याला पाव्हणा म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

त्यांच्या भाजीच्या मळ्यासमोर गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी चाळी होत्या. नळ बसवले, पाणी आणायचं राहिलं. मग गरीबही तिकडे फिरकले नाहीत. बाहत्तरच्या दुष्काळानंतर कापसाच्या जिनात कामाला आलेली छत्तीसगडची माणसं तिथे शिरली. गुलाब आणि तिच्यासोबतच्या बायांनी बकऱ्यांच्या लेंड्या उपसल्या, भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या, बुजलेली विहीर मोकळी केली. रुख्माबाईंनी त्यांना वालाचं बी दिलं. दहाएक वर्षांत चाळींना वस्तीची कळा आली. मग वीज आली, डांबरी रस्ता आला, आणि आजवर नाकं मुरडणाऱ्या गाववाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

एक दिवस चाळींची पाहणी करायला सरकारी साहेब आले. जुन्या रहिवाशांना खोल्या कायमच्या मिळणार होत्या. शेजारच्या म्हणून त्यांनी रुख्माबाईंनाच विचारलं, “हे लोक इथलेच का?”

गुलाब चहा घेऊन उभी होती. रुख्माबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “आमचे पाव्हणे हायेत जी! लय चांगले.”

“पाहुण्यांना कुठे घरं देतात, मावशी?”

साहेबांनी थट्टा केली असं वाटून त्या खळखळून हसल्या.

उन्हाळ्यात खोल्या खाली करायचा हुकूम आला. रुख्माबाई धावत साहेबांकडे गेल्या. “पाव्हणे म्हंजे घरचेच जी! आमच्याकडे तसंच म्हन्तेत!”

“तेव्हा एक आणि आता एक,” साहेब म्हणाले. साहेब म्हणजे बाहेरगावचा माणूस, वरून शहाणा.

खोल्या आपल्याच माणसांना वाटायच्या हे साहेबांनी आधीच ठरवलं असणार, असं आम्ही रुख्माबाईंना किती समजावलं! पण अन्न गोड लागेना त्यांना. “माह्याच तोंडानं त्याइले बेघर केलं,” एवढंच म्हणत राहायच्या.

निघायच्या दिवशी गुलाब भेटायला आली. रुख्माबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “चुकलं वं माह्यं. मले तसं म्हनाचं नोतं.”

“मालूम हाय मले, बाई.” गुलाब पाया पडली, बोचकं डोक्यावर घेतलं. निघताना ‘येते’ म्हणावं, ‘जाते’ कधी म्हणू नये, हे रुख्माबाईंनीच तिला शिकवलं होतं.

“जाते,” गुलाब म्हणाली.